सोजरबाईचा उजवा हात

मी, मच्छिंद्र रखमाजी ओव्हाळ, वय बासष्ट, धर्म बौद्ध, कलेच्या इतिहासाचा निवृत्त अधिव्याख्याता, राहणार वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या डोक्याबद्दल पुण्याच्या महाविद्यालयात एकदा शंका घेतली गेली होती, म्हणून.

१. वरवंडचे घर धाकटी बहीण रंभा हिला.

२. पुस्तके यवतच्या शाळेला. मेक्सिको, जपान, पॅरिस येथील आधुनिक चित्रे मी आयुष्यभर शिकवली ती याच पुस्तकांतल्या काळ्या-पांढऱ्या छपाईवरून. रंग मजकुरात वाचून सांगत असे. परदेशी जाण्याची रजा विभागप्रमुख डॉ. शंकरराव आगटे यांनी दर वेळी नाकारली. पुढे माझा प्रबंध परत करताना त्यांनीच शेरा मारला, ‘मूळ चित्रे पाहिलेली नाहीत.’ त्या प्रवासासाठी शिवलेला सूट भाचा पोपट याने लग्नात घालावा. बाह्या आखूड होतील.

३. विभागाने शोकसभा घेऊ नये.

४. फोटोची काच, म्हणजे काचेवरची मूळ निगेटिव्ह. माझी आई सोजरबाई दौंडला रेल्वेच्या ठेकेदाराकडे कोळसा वाहत असे. वॅगनच्या दारात तिच्या उजव्या हाताची बोटे चिरडली. ठेकेदाराने हलके काम द्यावे, त्याच्या पुण्याच्या कचेरीला पुरावा पाठवावा, एवढ्यासाठी वडिलांनी तिचा फोटो काढवला. काम मिळाले नाही. काच राहिली. आमच्याकडे फोटो आधी पुरावा म्हणून आला, शोभेसाठी नंतर, हे माझ्या प्रबंधाचे पहिले वाक्य होते.

वर्गात दाखवण्यासाठी ही काच मी विभागात ठेवली होती. आगट्यांनी ती न विचारता घेतली आणि उलट बाजूने धरून छापली. उजवा हात डावा झाला. मग त्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यावर एक प्रकरण लिहिले: कमी लेखलेल्या डाव्या हाताचे आधुनिक बंड. ग्रंथ परदेशात गाजला. मी चूक दाखवली तेव्हा विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, “ओव्हाळ, तुम्ही मुलगा म्हणून बघता. कलेच्या इतिहासाला डावं-उजवं नसतं.” दुरुस्ती झाली नाही. बढतीही नाही.

ग्रंथ मी आईला दाखवला.

“ह्यात माझा उजवा हात धड हाय,” ती म्हणाली. “मंग मी डाव्यानं जेवले ती कशापायी? लोकं हसली ती कशापायी?”

मी ग्रंथ मिटून ठेवला.

आई गेल्यावर रंभाने ग्रंथातले फोटोचे पान कापून, चौकटीत बसवून भिंतीवर लावले. ते उलटे आहे, काढून टाक, असे मी रागाने सांगितले.

“ठावं हाय मला, दादा,” ती म्हणाली. “पर आईचा जेवायचा हात बरा झाला न्हवं? ऱ्हाऊ द्या की.”

आता महाविद्यालय संग्रहासाठी मूळ काच मागत आहे. द्यावी. वरवंडच्या घरातल्या ओलीत ती टिकणार नाही. अट एकच: फोटो सुलटा छापावा, खाली आईचे नाव आणि हात कसा गेला ते लिहावे, आणि ग्रंथातले प्रकरण चुकीचे होते असे आगट्यांच्या हयातीत प्रसिद्ध करावे.

अट मान्य नसेल तर काच रंभाला. ती हवी त्या बाजूने पाहील. तो हक्क तिचा आहे. आगट्यांचा नव्हता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला. मागाहून कोणी त्यातला शब्द सौम्य करू नये.

सही: मच्छिंद्र रखमाजी ओव्हाळ

आमच्यासमक्ष सही केली:
साहेबराव भिमा रणपिसे, शिक्षक, यवत
तात्याबा हरिबा टकले, शेती, भांडगाव

दौंड, ११ नोव्हेंबर १९७६