ताठ मानेचा नळ

धुळे, ३ मार्च १९३८
मुनिसिपालिटीकडून घरच्या नळाची परवानगी आली. शेवंतीचे पहिले बाळंतपण महिनाअखेर. ते माहेरीच व्हायचे. पण चाळीसगावच्या विहीणबाईंचा निरोप आहे, दारात पाणी असेल तरच मुलगी पाठवू. असेल! शेवंतीच्या आईचे, पुष्पाचेही, गल्लीच्या नळावरून हंडे वाहणे संपले.

६ मार्च
नियम पहिला : नळ छातीइतका उंच. आमच्या गल्लीत लोक अंगणात खड्डा खणून त्यात नळ बसवतात आणि रोज आत उतरून, ओणवे होऊन पाणी भरतात. समोरचे सोहनलालशेठ एवढे मोठे व्यापारी, तेही खड्ड्यात! शेठ म्हणाले, उन्हाळ्यात इकडे पाणी वर चढत नाही. त्यांना प्रेशरची थिअरी समजावली. त्यांनी हात जोडले. शिकलेल्या माणसाने नळापुढे वाकू नये.

शिवाय खड्ड्यात साचलेली घाण पाइपात शिरते. नियम दुसरा : खड्डा खणायचा नाही.

१० मार्च
फिटिंग झाले. पितळी चावी, सांध्यांना सफेदा आणि ताग. देखणा नळ. वर दाढीचा आरसा टांगला. पहाटे चावी फिरवली. सूंऽऽ. हवा आधी येतेच.

११ मार्च
हवा.

१२ मार्च
हवा, कालच्यापेक्षा जोरात. प्रगती आहे.

१५ मार्च, पहाटे
दोन थेंब! पुष्पाला उठवून दाखवले. तिने पाहिले आणि हंडा घेऊन शेठांकडे गेली. परत आल्यावर म्हणाली, हातभर खणले तर काय बिघडेल? नियम दुसरा वाचून दाखवला. तिने कंबर चोळली. बायकांना सिस्टिम कळत नाही.

२२ मार्च
विहीणबाई शेवंतीला घेऊन आल्या. पोरगी सुकली आहे. मी नळ दाखवला, नियम सांगितले. विहीणबाईंनी चावी फिरवली, कान लावला आणि विचारले, "बठ्ठं चांगलं शे, आबा. पानी कोठे शे?" म्हटले, सगळे चांगले आहेच, पाणी उद्या पहाटे.

२३ मार्च
पहाटे हवासुद्धा नाही. दुपारच्या गाडीने दोघी परत. शेवंती स्टेशनवर माझ्याकडे बघत नव्हती. फार वाईट वाटले. विहीणबाई भलत्याच उतावळ्या.

२४ मार्च
चावीतला वायसर बदलला. दोष वायसरचाच असणार.

१ एप्रिल
चाळीसगावहून तार. नात झाली, दोघी खुशाल. पुष्पा लगेच निघाली. मला चला म्हणाली नाही. ऑफिसात रजा मिळाली नसतीच.

२ एप्रिल
घरात पिण्यापुरतेही पाणी नाही. गल्लीच्या नळावर बायकांच्या रांगेत उभे राहणे शक्य नाही, शेठांकडे मागायला जीभ रेटेना. त्यांच्याकडून कुदळ मात्र आणली. संध्याकाळी खणले, फक्त तपासणीसाठी. नळ खाली घेतला.

३ एप्रिल, पहाटे
खड्ड्यात उतरलो, वाकलो, चावी फिरवली. पाणी धो धो आले. हंडा भरला, घागर भरली, बादली भरली, पुष्पाने बाळंतिणीसाठी घासून ठेवलेला बंबही भरला. मग चावी बंद केली. एकट्याला किती लागते?