मीठ की राख

४ नोव्हेंबर
भट्टीचा चौथरा झाला. चिरे मापात बसले, दत्ता गवंडी खूश. वर नऊ इंचांचा खड्डा ठेवलाय. त्यात आच खाली उतरू नये म्हणून काहीतरी भरायचं, त्यावर विटांची लादी, मग घुमट. काय भरायचं ह्यावरून सकाळपासून घरात अबोला.

हे म्हणतात, मीठ. खाली फुटक्या काचा, वर जाडं मीठ. मुंबईत बेकरीच्या भट्टीखाली तसंच होतं. एकतीस वर्षं त्या भट्टीपुढे उभे राहिले, तेव्हा ह्या बाबतीत ह्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. मी उघडलंच. तूस जाळून त्याची राख घाला म्हटलं.

"राखुंडीवर पाव भाजू?" म्हणाले आणि बाहेर गेले.

५ नोव्हें.
दत्ता माझ्या बाजूचा. ह्यांच्यादेखत म्हणाला, "वयनी, पावसात मीठ रडतंय. भट्टी बांधताव का लोणच्याची बरणी?" हे हसले नाहीत.

ह्यांचं म्हणणं, तिथे भट्टी कधी विझलीच नाही, तर मीठ ओलं होईल कसं. राख नुसती आच अडवते, मीठ धरून ठेवतं. सकाळी पाव, दुपारी त्याच आचेवर नानकटाई, संध्याकाळी टोस्ट.

पण ती बेकरी होती. इथे कोण रोज पेटवणार?

७ नोव्हें.
तरी संगमेश्वरहून मिठाच्या चार गोण्या आणल्याच. पडवीत ठेवल्या. मला विचारलं नाही.

सईचा पुण्याहून फोन. म्हणे, सिरॅमिकची लोकर मिळते, ती गुंडाळा. "लोकर? भट्टीला थंडी वाजतेय?" बाप-लेक दोघंही हसले. बेकरीत विजेची भट्टी आली आणि हे मे महिन्यात घरी आले, तेव्हापासून असं हसणं मोजून तीन-चारदा. म्हणून तर भट्टीचं खूळ मी काढलं. रोज सकाळी चहा घेऊन रस्त्याकडे बघत बसायचे, ते बघवेना.

९ नोव्हें.
दुपारी बेकरीच्या शेटचा फोन. हे बोलत बोलत पार फणसापर्यंत गेले. आल्यावर "काही नाही, चौकशी."

चौकशीला पंचवीस मिनिटं.

१० नोव्हें.
गिरणीवरून तूस आणलं, मागल्या बाजूला ढीग करून पेटवलं. आतल्या आत धुमसतंय. अंगणवाडीत बाया विचारत होत्या, केसांना कसला वास. सांगितलं, संसाराचा.

१२ नोव्हें.
भांडण नको म्हणून परीक्षा घेतली. तेलाचे दोन पत्र्याचे डबे. एकात मीठ, एकात राख. दोन्हींवर वीट, विटेवर निखारे. तासाभराने डबे खालून चाचपले. मिठाचा चटका बसला, राखेचा गारच.

हे कितीतरी वेळ राखेच्या डब्याखाली हात धरून बसले. मला वाटलं आता काहीतरी खुसपट काढतील. नाही काढलं.

१३ नोव्हें.
मानलं!! चहा पिताना आपणहून म्हणाले, "राखच घालू. राख असली की भट्टी महिनाभर बंद राहिली तरी बिघडत नाही."

जिंकले म्हणून दुपारी घावणे केले. दत्ताला निरोप दिला, रविवारी ये.

१४ नोव्हें.
महिनाभर बंद का राहील?

सकाळी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना एकदम डोक्यात आलं, हातातला डाव तसाच राहिला. घरी येऊन सरळ विचारलं. आधी "असंच बोललो". मग सगळं निघालं. शेटना विजेच्या भट्टीवर जुनी चव जमेना. नवीन कारागिरांना शिकवायला बोलावतायत. शिमग्यापर्यंत, म्हणे. पुढचं पुढे.

एकतीस वर्षं हा माणूस गणपतीला आणि शिमग्याला येत होता. पाहुण्यासारखा. आता सहा महिने झाले, रोज ताटावर समोर बसतो, भाजीत मीठ कमी म्हणतो. मला ह्याची सवय लागली हो. लागली सवय. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "जा की, तुम्हाला कोणी अडवलंय."

आणि राख राख करून डोकं कोणी खाल्लं? मीच.

१५ नोव्हें.
काही सुचत नाही. दोनदा पडवी झाडली. मिठाच्या गोण्या खालून ओलसर दिसतात. पावसाळा संपून एवढे दिवस झाले तरी. हे म्हणतात ते खरं, मिठाला रोज आच हवी.

ह्यांनी बॅग काढली नाही. पण माळ्याकडे बघतात.

१६ नोव्हें., रविवार
दत्ता आला. तोंडं शिवून ठेवलेली राखेची पोती एका बाजूला, मिठाच्या गोण्या दुसऱ्या. "वयनी, काय वतू?"

मी म्हणाले, मीठ.

दत्ता माझ्याकडे बघायला लागला, "आवो, तुमीच तर..." हे फावडं टेकून उभे. म्हणाले, "मग रोज पेटवावी लागेल. एक दिवस खाडा चालणार नाही. माहितेय ना?"

"मला माहितेय. तुम्हाला विचारतेय."

फावडं बाजूला ठेवून दत्ताला म्हणाले, आज राहू दे, उद्या ये. तो बिचारा थापी धुऊन गेला.

मी आत येऊन हे लिहितेय. हे मागे एकटेच आहेत. शिवण उसवल्याचा आवाज येतोय, दोरा सरसर ओढतायत. मिठाची की राखेची, ते इथून कळत नाही. उठून बघायचं धाडस होत नाही.