शेवटच्या कडव्यातलं नाव

३ डिसें. १९६६, अकोला
हेडसरांनी संमेलनाचं गाणं माझ्यावर सोपवलं. बार्शीटाकळीच्या शाळेत लागून सहाच महिने झाले, तरी एवढा विश्वास. गाणं कासवाचं करायचं. चौथीत वलगावच्या गुरुजींनी दिलेलं पुस्तक: नदी कुठं संपते ते पाहायला निघालेलं कासव. कव्हर कधीच गेलं, पण अमरावतीला बी.ए. होईपर्यंत वसतिगृहात ते उशाशीच असायचं.
मी चाल लावली. बाबा कापसाच्या जिनिंगमधून कामावरून आले, हातपाय धुताधुता म्हणाले, "कोन मेलं व, वच्छे?"

८ डिसें.
आता चाल बाबांचीच. रोज दोन पानं वाचून दाखवते. अक्षरओळख नाही, पण वीस वर्षं जलशात गायलेत. ऐकलेलं विसरत नाहीत. खंजिरीवर कडवं रचतात, मी उतरवते. आज कासव कौंडण्यपूरच्या जत्रेत थांबलं! म्हटलं, पुस्तकात हे नाही.
"वर्धा नदीनं गेलं तं कौंडण्यपूर लागनार नाई का? पुस्तकवाल्याले मालूम नसन."
शेजारचे गणपतकाका लग्नाच्या बँडात बेंजो वाजवतात. तेही येऊन बसले. बेंजोला माइक लावू म्हणतात. खंजिरी आणि बेंजो एकदम सुरू झाले तेव्हा आईसुद्धा पीठ मळायची थांबली.

१४ डिसें.
शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. बाबांनी गायलं, "वत्सला बी.ए. म्हणे, चाला रे पोरांनो."
"बाबा, रचलं तुम्ही. 'सखाराम म्हणे' पाहिजे."
"पुस्तक तुह्यं, वाचलं तू. मले काय वाचता येते?"
"मी नुसतं उतरवलं."
"बी.ए. आपल्या घरात आधी कोनी झालं व्हतं? मंग गाऊ दे ना मले!"
आई म्हणाली, दोघंबी येडे.
बाबांचं नाव आजवर दुसऱ्यांनीच लिहिलं, खाली अंगठा. गाण्यात तरी ते मोठ्यानं यावं.

१९ डिसें.
बाबा अडून बसले. "तुह्यं नाव नसन तं मी संमेलनाले येत नाई." 'बरं' म्हटलं. शाळेत मुलींना मात्र सखारामच शिकवलं.

२४ डिसें.
संमेलन झालं. बाबा धुतलेला सदरा घालून. बेंजो माइकवर, पोरं बाकांवर उभी. कौंडण्यपूरच्या जत्रेला तर हेडसर टाळ्यांनी ताल धरून. शेवटच्या कडव्याला मी बाबांच्या आधी पुढं झाले, "सखाराम म्हणे..." मुलींनी उचललं. बाबांची खंजिरी चुकली. कधी चुकत नाही.
एसटीत बाबा खिडकीकडं तोंड करून बसले. गणपतकाकाच बोलत होते. फसवलं मी त्यांना. तरी पुन्हा तेच करीन.

२७ डिसें.
तीन दिवस अबोला. वलगावच्या गुरुजींना पत्र टाकलं: तुमचं कासव शाळाभर हिंडतंय. त्यांचे उपकार कसे फेडू.
सकाळी बाबा न्हाणीत गाणं म्हणत होते. शेवटचं कडवं आलं. मी चुलीपाशी उठून उभी राहिले. नावाची जागा आली तसे गप्प झाले, तेवढ्यापुरता बादलीवर नुसता ठेका. मग पुढं, "चाला रे पोरांनो."