ताटाच्या कडेचे दोरे

कोथरूड, पुणे

प्रिय कादंबरी,

फोनवर तुला काही सांगायची सोय नाही. तिकडे धडगावला जेमतेम रेंज येते, तेवढ्यात तू आईची गोळी दिली का, स्वराली जेवली का, हे विचारतेस आणि मी ‘सगळं छान’ म्हटलं की हा लपवतोय असं ठरवून मोकळी होतेस. म्हणून पत्र. लग्नानंतरचं पहिलंच, अक्षराला हसू नकोस.

महिनाभर शिकवायला म्हणून गेलीस आणि आता शाळा तुला वर्षभर थांब म्हणतेय. तू मात्र नाही म्हणून कळवणार आहेस. का, तर घरी जेवणाचे हाल होतील! तिथल्या मुलींच्या गणिताबद्दल बोलताना तुझा आवाज कसा खुलतो ते मला इथे ऐकू येतं गं. आणि तू परत येणार ती या अवधूतला, तुझ्या नवऱ्याला, फोडणी जमत नाही म्हणून? मला भयंकर राग आला. त्या रागातच मी भरली कारली करायची ठरवली, म्हणजे एकदम अवघड पेपरच.

रविवारी सकाळी मंडई गाठली. एकेक कारलं उलटसुलट करून बघत होतो, तर भाजीवाल्या मावशींनी विचारलं, मुलगी बघायला आलात की भाजी घ्यायला? शेजारचे गाळेवालेही हसले. मी पण हसलो आणि मुकाट्याने किलोभर घेतली.

घरी येऊन ती खरवडली, चिरा दिल्या, मीठ लावून पिळली. सारण तुझंच: दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला, चिंच, आणि आईच्या साखरेमुळे गूळ अगदी नावाला. पण स्वरालीबाईंनी यात प्रोटीन किती, असं विचारलं. झालं! मोड आलेले मूग वाफवून, ठेचून तेही घातले. कारल्यात मूग हवे असते तर देवाने ते आतच उगवले असते, असं आईने ऐकवलं. ती ओट्याजवळच्या स्टुलावरून देखरेख करत होती, हे सांगायला नकोच.

कारली बांधायला दोरा हवा होता. तुझ्या शिवणाच्या डब्यात सगळे रंगीत, म्हटलं रंग उतरायचा. शोधता शोधता देवाच्या कपाटात छान पांढऱ्या सुताची गुंडी मिळाली. एकेक कारलं नीट गुंडाळून कढईत सोडलं, झाकण ठेवलं, आणि तेवढ्यात आईची नजर उरलेल्या गुंडीवर गेली. अगं, काय ओरडली! ती तुझी वटपौर्णिमेची सूतगुंडी होती. वडाचं सूत कारल्याला गुंडाळलंस मेल्या, आता सात जन्म नवरा म्हणून कारलंच मिळणार तिला! त्यात नवीन काय, असं स्वराली म्हणाली. मग आई जी हसत सुटली, तिला पाणी द्यावं लागलं. तू गेल्यापासून घरात एवढं हसणं झालंच नव्हतं.

मग जेवायला बसलो. आईने मागून घेतलं. एरवी रविवारी बाहेरून मागवणारी तुझी लेक शेवटी कढई भाकरीने पुसून खात होती. ताटांच्या कडेला दोरे साठत गेले आणि माझे डोळेच भरून आले बघ. कारल्यापायी रडणारा पुण्यात मी एकटाच असेन.

तोंडदेखल्या कौतुकावर तुझा विश्वास नाही. भरली कारली केलीस की ताटं उचलताना तू कडेचे दोरे बघतेस आणि कोण खरंच जेवलं ते ओळखतेस, हे मला केव्हापासून माहीत आहे. म्हणून ते सगळे दोरे धुऊन, वाळवून या पाकिटात घातलेत. हळद काही जात नाही. गाठ मारलेले आईचे, मोठा गुंता स्वरालीचा, उरलेले माझे. बघ, मोज, खात्री करून घे. आणि मग शाळेला हो म्हणून कळव. वटपौर्णिमेला नवी गुंडी घेऊन मीच येतो तिकडे. डबाही आणतो.

तुझाच,
सातही जन्मीचं कारलं,
अवधूत