तुझ्या चालीने सात किलोमीटर

प्रिय ताई,

हे मात्र बरंय तुझं! माझा फोन उचलायचा नाही, आणि आईजवळ सांगायचं की भिंगरी खोटं बोलायला लागलाय. पगार अडकला म्हणालो तर अडकला असेल. इथे गोदामात पन्नास माणसं मालाची चढउतार करतात, कधी कुणाची हजेरी लागत नाही, कधी मुकादमाची सही राहते. तुला तिथे शिलाई मशीनवर बसून काय कळणार? तू त्या दिवशी एवढंच विचारलंस की बूटवाल्याने तुझा जाड तळव्याचा नवा बूट करून ठेवलाय, माझ्या वाट्याचे अर्धे पैसे कधी येतायत. मी भडकलो. तू म्हणालीस, हल्ली तू सगळ्यापासून पळतोस. आणि मी म्हणालो, पळण्याचं मला नको शिकवूस, आधी सरळ चालून दाखव. तू फोन ठेवलास. अडीच महिने झाले. बोलायला नको होतं, कबूल. पण खोटारडा म्हणालीस ते मला झोंबलं.

असो. बातमी अशी की मी शर्यत धावलो. एकवीस किलोमीटर. हसून घे आधी. मला एका जागी बसवत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? सुट्टीच्या दिवशी खोलीत आम्ही सहाजण, भिंती अंगावर येतात, म्हणून सकाळी गोदामाभोवती फेऱ्या मारायला लागलो. फाटकावरचा वॉचमन तरुणपणी लांब पल्ल्याचं धावायचा, आता खुर्चीत बसून सगळ्या जगाच्या चुका काढतो. चार दिवस त्याने बघितलं आणि म्हणाला, लेका, तू धावत नाहीस, जमिनीला लाथा घालतोयस. मग रोज शिकवणी सुरू. पाय लांब फेकू नकोस, अंगाखाली पडू दे. पावलं लहान टाक, पण जास्त टाक. खांदे सोड. मी इथे बसलोय, तुझ्या पायाचा आवाज मला ऐकू येता कामा नये. दोन फेऱ्या मी तसं करायचो आणि तिसरीला पुन्हा ढांगा टाकायला लागायचो. ढांगा टाकल्या की कसं, आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. ती लहान लहान पावलं टाकताना मला लाज वाटायची. कुणी पाहत नाही ना, म्हणून मागे वळून बघायचो. कशाची लाज, ते मी स्वतःला विचारलं नाही.

म्हातारा म्हणाला, गोदामाचे जाड बूट घालून गुडघ्यांची वाट लागेल, धावायचे बूट घे. घेतले. निळे, फुलासारखे हलके. दुकानदार म्हणाला एक नंबर मोठा घ्या, लांब धावलं की पाय फुगतो. मी म्हटलं, माझं माप मला कळतं. आरशासमोर चार येरझाऱ्या घातल्या. त्या दुकानात मला अहो-जाहो करत होते, ताई. कधी नव्हे ते.

तुला आपली गल्ली आठवते? मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पोरांना हसवायला मी तुझी चाल करून दाखवायचो. एक पाय घासत, एक हात कमरेशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा तू खिडकीत उभी होतीस. मी गारठलोच. तू ओरडलीस, अरे गाढवा, माझा आखूड पाय डावा आहे, तू उजवा लंगडवतोयस, नक्कल तरी धड कर! पोरं मलाच हसली. मला वाटलं, ताईला काही लागतच नाही. किती वर्षं मी असंच धरून चाललो.

शर्यतीत सुरुवातीलाच शिकवणी विसरलो. महागडी घड्याळं लावलेली माणसं पुढे गेलेली बघवेनात. ढांगा टाकत पन्नाससाठ जणांना मागे टाकलं. दहाव्या किलोमीटरला बोटं चिमटायला लागली, बाराव्याला डाव्या अंगठ्याचं नख गेलं, चौदाव्याला डावा गुडघा असा कळवळला की मी रस्त्याच्या कडेला बसलो. ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून पुढे गेले. पाणी देणारी बाई म्हणाली, गाडीत बसा, मागून येतेच आहे. मी उठलो. डावा पाय जेमतेम टेकवायचा, लगेच उचलायचा. उजव्यावर भार. हात पोटाशी. पाऊल वीतभर. दुखणं राहिलं, पण सोसवेल इतकं. शंभरेक पावलं तसं गेल्यावर रस्त्यावरची माझी सावली दिसली आणि मी ओळखली. ती तू होतीस. पिशवी घेऊन बाजारातून येणारी तू.

आणि ताई, लोक टाळ्या वाजवायला लागले. पुढच्यांना वाजवल्या नसतील इतक्या मला. एक आजीबाई म्हणाली, बघा बिचारा, तरी सोडत नाही हो. माझं डोकंच फिरलं. वाटलं थांबून सांगावं, बिचारा कुणाला म्हणता? मग आठवलं, कुणी उठून जागा दिली की तू आभार मानतेस, पण बसत नाहीस. मी तुला त्यावरून कितीदा तरी शिष्ट म्हटलंय. सात किलोमीटर माझी मान वर झाली नाही. त्याच मानेने पोचलो. तीन तास नऊ मिनिटं. मागे अकराजण होते.

वॉचमन शेवटच्या रेषेपाशी उभा होता. म्हणाला, आधीचं सगळं पाण्यात, पण शेवटी पाय बरोबर पडत होता, कुठून शिकलास? तुझं नाव घ्यायचं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, असंच, जमलं. तेवढंही माझ्याने झालं नाही.

म्हणून लिहायला बसलो. पगार अडकला नव्हता, एक तारखेला हातात पडला होता. तुझ्या बुटासाठी काढून ठेवलेले पैसे खिशात घेऊनच मी त्या दुकानात गेलो. तिथे अहो-जाहो झालं ते तुझ्या पैशांना. तू जुन्या बुटाच्या तळव्याला टायरचा तुकडा ठोकून चालत होतीस आणि मी आरशात बघत होतो. आणि वर तुलाच सरळ चालून दाखव म्हणालो. आईला सांग, ताई बरोबर होती. फोन उचलायचा की नाही ते तू ठरव, मी आता चिडणार नाही. गेल्या दोन पगारांतलं जमवून तुझ्या खात्यात घालतोय, माझा अर्धा वाटा नाही, अख्ख्या बुटाचे. तू भरलेस ते परत तुझ्याजवळ ठेव. बूट आणायला जाशील तेव्हा घाई करू नकोस, घालून दुकानात भरपूर चालून बघ, आणि बूटवाला सैल हवा म्हणाला तर त्याचं ऐक.

तुझाच, खोटारडा,
भिंगरी

पाठवले : नऊ हजार दोनशे.