पहिली श्रोती

श्री. विश्रामराव यांस,

रविवार, १२ जानेवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या हौशी रेडिओ मंडळाच्या माजिवड्याच्या सभेत तुम्ही ‘पहिली श्रोती’ असं लिहिलेलं कार्ड माधवीला दिलंत. टाळ्या मीही वाजवल्या. कॉन्व्हेंटच्या नन्सनी तेवढी शिस्त लावली आहे.

कोपरीत तुम्ही लाँगवेव्हचं ते चिमुकलं बीकन, सतत खुणेचा आवाज पाठवणारा तो ट्रान्समीटर, सुरू केलंत, त्याची टिकटिक सर्वांत आधी मी ऐकली. डोंबिवलीत, मानपाड्याच्या गच्चीवर, कारखान्यांच्या खरखरीतून आठवडाभर शोधत होते. ऐकताक्षणी फोन केला, तेव्हा तुम्ही ओरडलात, “कुंदाताई, डोंबिवलीपर्यंत पोचलं?” आणि सभेत म्हणता, “फोनवरचं धरत नाही हो, लेखी अहवाल माधवीचा पहिला.”

लेखी! तिच्या त्या अहवालाचं इंग्रजी मीच सुधारून दिलं होतं, विश्रामराव. तेव्हा मला वाटलं होतं की तिनेही माझ्यासारखंच शोधून ऐकलं असेल.

सभेनंतर चहाच्या वेळी माधवीबाई लाजत म्हणतात, “अगं, विश्रामरावांचाच फोन आला, रेडिओ आत्ता लाव म्हणाले. काटा कुठे लावायचा तेही सांगितलं.” वेळ विचारली. माझा फोन ठेवल्याबरोबरची निघाली.

कार्ड तिलाच राहू द्या. माझी बातमी ऐकून तुम्हाला पहिली आठवण तिची का झाली, तेवढं कळवा. उत्तर लेखी हवं, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. हे पत्र मी पेटीत टाकणार नसले, तरीही.

कुंदा नाखवे