पदराखालचा हात

तुळजापूर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज आरतीला सासूबाईंच्या, आमच्या आत्याबाईंच्या, अंगात आलं नाही. संबळ वाजला, शेजारच्या बायका दर मंगळवारसारख्या हळदीकुंकू घेऊन थांबल्या, पण आत्याबाई भिंतीला टेकून नुसत्या बसल्या. एक हात छातीवर, पदराखाली.

हे खूश. "बघ, एका शब्दात सुटली आईची सवय," म्हणाले. मला मात्र धडकीच भरली.

तो शब्द सोलापूरच्या डॉक्टरांचा; अंगात येतं म्हणून ह्यांनीच आत्याबाईंना तिकडं दाखवलं होतं. हिस्ट्रिऑनिक. ह्यांनी मोबाइलवर अर्थ काढला आणि जेवताना आत्याबाईंसमोरच मोठ्यानं वाचला: नाटकी, लोकांनी बघावं म्हणून केलेलं. तेव्हापासून त्या कण्हल्या तरी घरात कुणी मान वर करत नाही.

डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांचं चुकेल कसं? पण नाटक करणारं माणूस दुखणं पदराखाली कशाला लपवेल?

मघाशी चहा द्यायला गेले, तर हात तिथंच. कपाळावर घाम.

"आत्याबाई, दुखतंय का?"

"लई न्हाय गं."

ह्यांना सांगितलं, तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "झालं का सुरू?"

मी रिक्षा बोलावलीय. नुसतं बसवत नाही म्हणून ती येईपर्यंत हे खरडतेय. आत्ताच त्यांच्या पुढ्यात चपला ठेवल्या आणि म्हटलं, "उठा, दवाखान्यात जाऊ." तेव्हा कुठं तो हात पदराबाहेर आला. त्यांनी तो माझ्या तोंडावर ठेवला. गार पडला होता.

"हळू बोल. नाटक म्हणंल तो."